मेल्यावर माफी मागता येते का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नोव्हेंबर आला की आमच्याकडे एकाच विषयावरची पत्रं वाढतात. ख्रिस्ती घरांमध्ये हा महिना मृतांच्या आठवणीचा, त्यामुळे मरणानंतर पुढे काय, पश्चात्ताप करता येतो का, देव तेव्हाही माफ करतो का, हे सगळं याच दिवसांत वर येतं. या वेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : माझा मोठा भाऊ मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. कित्येक वर्षं देवळात गेला नव्हता, वाडीच्या वाटणीवरून सख्ख्या काकांशी बोलणं बंद होतं ते शेवटपर्यंत बंदच राहिलं, आणि फादर यायच्या आत सगळं संपलं. आई रोज विचारते, तिकडे गेल्यावर त्याने माफी मागितली तर देव ऐकेल ना? तिला काय सांगू? (वसई)

आईला काय सांगायचं ते शेवटी सांगतो, आधी चर्च काय म्हणतं ते सरळ बघू, कारण अर्धवट सांगून दिलेला धीर चार दिवस पण टिकत नाही.

कॅथलिक चर्चची शिकवण यात अगदी स्पष्ट आहे. मेल्यानंतर पश्चात्ताप नाही. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये (चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक) हे वाक्य ३९३ नंबरच्या परिच्छेदात आहे आणि गंमत म्हणजे तो परिच्छेद माणसांबद्दल नाहीच, पतन झालेल्या देवदूतांबद्दल आहे. पतनानंतर जसा देवदूतांना पश्चात्ताप नाही तसा मरणानंतर माणसांना नाही, असं तिथे आठव्या शतकातल्या दमास्कसच्या संत योहानाचा हवाला देऊन म्हटलंय. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायातही तेच आहे की माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय.

आता लोकांना हे ऐकून वाटतं की देव म्हणजे सरकारी ऑफिस आहे, पाच वाजले की खिडकी बंद. तसं नाहीये ते. थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने तेराव्या शतकात याचं कारण उलट्या बाजूने मांडलं. देव माफ करायचं थांबवत नाही, माणसाचं मन बदलायचं थांबतं. जिवंत आहोत तोवर आपण रोज मत फिरवतो, सकाळी रागावतो आणि संध्याकाळी फोन करतो. मेल्यावर आत्मा ज्या गोष्टीला धरून गेला तिलाच धरून राहतो. लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट आहे ना, ती या नजरेने परत वाचा. तो श्रीमंत नरकात तळमळतोय, लाजरला बोट पाण्यात बुडवून माझ्या जिभेला लावायला पाठव म्हणतो, मग माझ्या पाच भावांना सांगायला पाठव म्हणतो, पण ज्या लाजरला आयुष्यभर दारात उपाशी ठेवलं त्याला एकदाही सॉरी म्हणत नाही, उलट अजूनही त्याला गड्यासारखा कामालाच लावायला बघतोय. यातना आहेत, पश्चात्ताप कुठेच नाही.

पण ही झाली अर्धी गोष्ट, आणि तुमच्या आईला उरलेली अर्धी जास्त उपयोगाची आहे. मरणानंतर वेळ नाही म्हणजे मरणाच्या क्षणापर्यंत आहे. आणि तो शेवटचा क्षण बाहेरून कोणालाही दिसत नाही, तुम्हाला नाही, फादरला नाही, पोपला पण नाही. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा चोर शेवटच्या काही तासांत एक वाक्य बोलला आणि त्याला त्याच दिवसाचं सुखलोकाचं वचन मिळालं. फादर पोचले नाहीत म्हणजे सगळं संपलं असंही चर्च म्हणत नाही. देवावरच्या प्रेमापोटी मनापासून दुःख झालं आणि शक्य होईल तेव्हा कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) करायचं मनात असलं तर मोठ्या पापाचीही क्षमा होते, हे कॅटेकिझममध्येच आहे. अमुक माणूस नरकात आहे असं चर्चने आजपर्यंत एकाही माणसाचं नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. संत जाहीर होतात, नरकवासी जाहीर होत नाहीत. त्यामुळे मयताला आलेला कोणी नातेवाईक तोंड वर करून "तो काय स्वर्गात जाणार" वगैरे बोलला असेल तर त्याला तो अधिकार कोणी दिलेला नाही, एवढं आईला नक्की सांगा.

मग पर्गेटरी कशाला, असं विचाराल. इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. पर्गेटरी म्हणजे मेल्यावर पश्चात्ताप करायचा दुसरा चान्स नव्हे. तिथे जाणारा माणूस देवाशी समेट करूनच मेलेला असतो, त्याचं तारण पक्कं असतं, फक्त पापाने जो मळ आणि वाकडेपणा मागे राहिला तो साफ व्हायचा असतो. थोर ग्रेगरी पोपने सहाव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलेली यावरची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या रोममधल्या मठात युस्तुस नावाचा मठवासी होता, वैद्यकी जाणायचा, खुद्द ग्रेगरींच्या आजारपणात त्याने सेवा केलेली. तो स्वतः मरायला टेकला तेव्हा मठातल्या सोबत्यांना त्याच्या औषधांच्या सामानात तीन सोन्याची नाणी लपवलेली सापडली. मठात कोणाकडे स्वतःचं म्हणून काही नसावं हा नियम. ग्रेगरींनी हुकूम काढला की मरताना याच्याजवळ कोणी जायचं नाही आणि मेल्यावर उकिरड्यात पुरायचं, वर ती तीन नाणी टाकायची. ऐकायला क्रूर वाटतं आणि मला तर आजही वाटतंच. युस्तुस सगळ्यांना बोलवत राहिला, कोणी आलं नाही, शेवटी त्याच्या सख्ख्या भावाने, कोपिओसुसने, कारण सांगितलं, तेव्हा त्याला केल्याचं खरंच वाईट वाटलं आणि त्याच दुःखात तो गेला. काही दिवसांनी ग्रेगरींचं मन द्रवलं, म्हणाले आजपासून सलग तीस दिवस त्याच्यासाठी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) करा. तिसावी मिस्सा झाली त्याच रात्री युस्तुस भावाला दिसला, आतापर्यंत हाल होते आता बरा आहे म्हणाला. आपल्याकडे आजही कोणी गेलं की "ग्रेगोरियन" तीस मिस्सा सांगतात त्या इथून आल्या. आता क्रम बघा, पश्चात्ताप मरायच्या आधी झाला, मग तीस दिवस साफसफाई झाली, आणि त्यात मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा हातभार लागला.

तर आईला सांगा की भाऊ तिकडे गेल्यावर माफी मागेल का, हा प्रश्नच सोडून द्या, जाता जाता मागितली असेल अशी आशा धरा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. उशीर झाला असं मनात आणू नका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात हेच लिहिलं होतं की आत्म्यांच्या सहभागात आपला घड्याळाचा वेळ लागू पडत नाही, दुसऱ्याच्या हृदयाला हात घालायला कधीच उशीर होत नाही. आणि एक माझ्याकडून, कोणी विचारलं नसताना. मृतांसाठी मिस्सा, दानधर्म, प्रायश्चित्ताची कामं अर्पण करता येतात असं चर्च शिकवतं. भावाने काकांशी मिटवलं नाही, तुम्ही मिटवू शकता. यापेक्षा मोठं अर्पण मला तरी सुचत नाही.

प्रश्न : मी नगरची, आमची मंडळी प्रोटेस्टंट. लग्न कॅथलिक घरात झालं. सासरचे २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या, फुलं घेऊन जातात, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. आमचे पाळकसाहेब म्हणतात मेलेल्यांसाठी प्रार्थना शास्त्रात नाही. मी जावं की नाही?

जा की. कबरीवर फूल ठेवायला सहसा कुठल्या मंडळीची बंदी नसते.

पण तुमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं उगाच नाही, त्यामागे पाचशे वर्षांचं भांडण आहे. मृतांसाठी प्रार्थनेचा सगळ्यात उघड दाखला येतो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, तेव्हा त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी वर्गणी काढून दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापासाठी बळी अर्पण करा म्हणून. अडचण एवढीच की हे पुस्तक कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये आहे आणि तुमच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये नाही. म्हणजे दोघंही शास्त्राला धरूनच बोलतात, शास्त्राची अनुक्रमणिकाच वेगळी आहे.

त्यात पैसा आला आणि सगळं बिघडलं. जर्मनीत योहान टेट्झेल नावाचा डोमिनिकन, रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी इंडल्जन्स (पापाच्या शिक्षेतून चर्चने दिलेली सूट) विकत फिरत होता, पेटीत नाणं वाजलं की आत्मा सुटला अशा थाटात. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने जे ९५ मुद्दे काढले त्यातला ८२ वा मुद्दा फार टोचणारा आहे. पोपला आत्मे सोडवता येतात तर पैशासाठी कशाला, प्रेमापोटी सगळे एकदम का सोडवत नाही? तेव्हा ल्यूथरने पर्गेटरी नाकारली नव्हती, ती पुढे १५३० पर्यंत पूर्ण नाकारली. इंग्लंडच्या चर्चने आपल्या ३९ कलमांतल्या २२ व्या कलमात ती पोकळ कल्पना म्हणून टाकून दिली. प्रोटेस्टंट युक्तिवाद थोडक्यात असा की ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळी किंमत चुकती केली, मग उरलेला हिशोब कसला? हा युक्तिवाद कच्चा नाही हं, कॅथलिकांनी त्याला नुसतं हसून उडवू नये.

कॅथलिक बाजूनेही एक सांगतो. ही प्रार्थना मध्ययुगात कोणी पैशासाठी काढलेली नाही. २०३ साली कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ नावाची तरुण आई हौतात्म्याची वाट बघत होती, तिने स्वतःची डायरी ठेवलीय. तिचा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या रोगाने गेला होता. तिला तो दिसतो, अंधारात, तहानलेला, समोर पाण्याचं कुंड आहे पण काठ त्याच्या उंचीपेक्षा वर, हात पुरत नाही. ती रात्रंदिवस रडून प्रार्थना करते, परत दिसतो तेव्हा कुंडाचा काठ त्याच्या कमरेपर्यंत खाली आलाय, तो पोटभर पाणी पितो आणि लहान मुलासारखा खेळायला पळतो. ही डायरी ल्यूथरच्या १३०० वर्षं आधीची.

तुम्ही कबरीजवळ उभं राहून गेलेल्यांबद्दल देवाचे आभार माना, सासू त्यांच्या आत्म्यासाठी मागेल, देव दोन्ही ऐकायला समर्थ आहे. तिथे वाद मात्र घालू नका, दोघींपैकी कोणीच.

प्रश्न : मी हिंदू, पुण्याची. ऑफिसमधला ख्रिस्ती मित्र वडिलांसाठी मिस्सा सांगतो आणि पैसे देतो. हे आमच्या श्राद्धाच्या दक्षिणेसारखंच की, मग टेट्झेलपेक्षा वेगळं काय? (टेट्झेलबद्दल या वाचकांनी आमचा जुना लेख वाचून विचारलंय)

वरवर सारखं दिसतं, कबूल. मिस्सासाठी देतात ते फादरच्या चरितार्थासाठीचं अर्पण, मिस्साची किंमत नव्हे, निदान नियम तरी तसाच आहे. चर्चच्या कायद्यात लिहिलंय की व्यापाराचा नुसता वाससुद्धा येता कामा नये, फादरने दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी एकाच मिस्साचं अर्पण स्वतःकडे ठेवायचं, आणि गरिबासाठी काही न घेता मिस्सा करावी. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पर्गेटरी कायम ठेवली पण त्यातली कमाई बंद करा असं बिशपांना बजावलं, आणि १५६७ ला पोप पायस पाचवे यांनी पैसे घेऊन दिलेली सगळी इंडल्जन्स रद्द केली. नियम कागदावर चांगले आहेत, पाळणारे माणसं असतात, ते तुम्हाला तुमच्या क्षेत्रांच्या गावीही दिसत असेलच. श्राद्धाशी एक फरक मात्र खरा आहे, ख्रिस्ती श्रद्धेत आत्म्याला पुढचा जन्म नाही, त्यामुळे सगळा भार या एकाच आयुष्यावर येतो.

प्रश्न : आमच्या घरात एकाने आत्महत्या केली. आजी सांगायची की पूर्वी अशांना कबरस्तानात जागा द्यायचे नाहीत, कारण त्यांना पश्चात्तापाला वेळच मिळत नाही. आजही असंच मानतात का? (नाव, गाव देत नाही)

नाही. आजी सांगायची ते खोटं नव्हतं, १९१७ च्या चर्चच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ चा कायदा आला त्यात ते कलमच राहिलं नाही. कॅटेकिझम सांगतो की गंभीर मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, फक्त देवालाच माहीत असलेल्या वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, उघड करतं.

फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू जॉन व्हिआनी (१८५९ ला वारले, पुढे संत झाले) यांची एक आठवण सांगतात. नवऱ्याने नदीत उडी घेतलेली एक विधवा देवळात येऊन मागे उभी होती, त्यांना काही बोलली पण नव्हती. तेच तिला म्हणाले, तो वाचलाय, पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करायला वेळ होता. आजीच्या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

तुम्ही नाव दिलं नाहीत यावरून ओझं कळतंय. हे एकट्याने वाहू नका, तुमच्या फादरशी बोला, समुपदेशकाशी पण बोला, आणि घरात अजून कोणाच्या मनात तसले विचार येत असतील तर वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

प्रश्न : मी दुबईत असतो, रूममेट केरळचा ऑर्थोडॉक्स. तो म्हणतो आम्ही पर्गेटरी मानत नाही तरी मेलेल्यांसाठी चाळिसाव्या दिवशी प्रार्थना करतो. मग नरकातून पण कोणी सुटतो का? एकदा सगळेच सुटतील असं मानणारे ख्रिस्ती आहेत का?

रूममेट बरोबर बोलतोय. पूर्वेकडच्या चर्चेसनी पश्चिमेसारखं सगळं बांधीव करून ठेवलं नाही. १४३८-३९ च्या फेरारा-फ्लोरेन्सच्या परिषदेत एफेससचे ऑर्थोडॉक्स बिशप मार्क पर्गेटरीच्या आगीवरून लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या, लोकांशी तावातावाने भांडले आणि शेवटी सही न करता घरी गेले. पण मृतांसाठी प्रार्थना त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच. बायझंटाईन (ग्रीक ऑर्थोडॉक्स) परंपरेत पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, संध्याकाळी गुडघे टेकून ज्या प्रार्थना म्हणतात त्यात अधोलोकात अडकलेल्यांसाठीसुद्धा मागणं आहे. कोण सुटेल, कसं सुटेल, याचा तक्ता ते मांडत नाहीत. मला हे आवडतं, खरं सांगतो.

सगळेच सुटतील हे म्हणणारा सगळ्यात गाजलेला म्हणजे तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन. शेवटी सगळं देवाकडे परतेल असं त्याचं म्हणणं, सहाव्या शतकात त्याच्या नावावरची ही मतं धिक्कारली गेली. पण निस्साचा ग्रेगरी बराचसा तसंच लिहून गेला आणि तो आजही संत आहे, सातव्या शतकातला निनवेचा इसहाकही तसाच. विसाव्या शतकात स्विस धर्मपंडित हान्स उर्स फॉन बाल्थाझार म्हणाला, सगळे तरतील असं शिकवता येत नाही पण तशी आशा धरता येते, त्यावरून त्याला भरपूर शिव्या बसल्या. पेत्राच्या पहिल्या पत्रात येशूने तुरुंगातल्या आत्म्यांना जाऊन घोषणा केली असं एक ओझरतं वाक्य आहे, ही सगळी मंडळी फिरून फिरून तिथे येतात. मॉर्मन लोक तर सरळ मानतात की मेलेल्या आत्म्यांना तिकडे सुवार्ता ऐकून पश्चात्ताप करता येतो, १८४० पासून ते मृतांच्या वतीने बाप्तिस्माही घेतात, पण जुनी चर्चेस हे मान्य करत नाहीत.

नरकातून सुटण्याची सगळ्यात मजेदार केस म्हणजे रोमन सम्राट ट्राजन. मूर्तिपूजक, ११७ साली मेला. दंतकथा अशी की तो लढाईला निघालेला असताना एका विधवेने घोड्याचा लगाम धरला, माझ्या मुलाला मारलंय, न्याय दे. परत आल्यावर बघतो म्हणाला. तू परत नाही आलास तर? तो थांबला आणि न्याय देऊन मगच गेला. पुढे साडेचारशे-पाचशे वर्षांनी, वर युस्तुसच्या गोष्टीत आले तेच ग्रेगरी पोप, ट्राजनच्या चौकातून जाताना हे आठवून इतके रडले की देवाने सम्राटाला नरकातून सोडलं. मध्ययुगात ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, आता पंडितांची पंचाईत, कारण नरकात पश्चात्ताप नाही हा तर नियम! मग अक्वायनसच्या परंपरेत तोडगा निघाला की ग्रेगरीच्या प्रार्थनेने ट्राजन आधी जिवंत झाला असावा, शरीरात परतला, तिथे पश्चात्ताप केला, क्षमा मिळाली, मग परत मेला. इटालियन कवी दान्तेने पण त्याला असाच हाडांत परत आणून मग स्वर्गात बसवलाय. नियम मोडायला कोणी तयार नाही आणि दयाळू सम्राटाला नरकात ठेवायलाही कोणाचं मन होईना, म्हणून बिचाऱ्याला दोनदा मारला. रूममेटला ही गोष्ट सांगा, रात्रभर वाद चालेल.

प्रश्न : मृतांसाठीचं इंडल्जन्स नेमकं कुठल्या तारखांना? आमच्याकडे प्रत्येक जण वेगळं सांगतो. (पालघर)

१ ते ८ नोव्हेंबर. कबरस्तानात जाऊन, मनातल्या मनात का होईना, मृतांसाठी प्रार्थना करायची. दिवसाला एकच मिळतं आणि ते फक्त मृतांसाठीच अर्पण करता येतं. सोबत कन्फेशन, कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हव्यात, आणि पापाची ओढ मनातून टाकलेली हवी, ही शेवटची अट लोक सोयीने विसरतात. कन्फेशन रोज करायची गरज नाही, आगेमागे काही दिवसांत झालेलं चालतं. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे व्हॅटिकनने पूर्ण नोव्हेंबर महिना दिला होता, तुमच्याकडचा घोळ बहुतेक तिथूनच सुरू झालाय.